कौलावरचं साल आणि बंगल्याचं वय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तुमच्या घरचा जुना बंगला आहे. रिक्षावाले अजून त्याला 'पाद्रीसाहेबाचा बंगला' म्हणतात. आजेसासऱ्यांनी तो 'साहेब मायदेशी परत जाताना' घेतला. पुढे सासूबाईंनी चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आणि आज तुम्ही व तुमचे यजमान तो चालवता. मध्यंतरी छपराचं काम काढलं, तेव्हा कौलांवर 1865 हा आकडा दिसला. आता फाटकावर 'ब्रिटिशकालीन पाद्री बंगला, स्थापना 1865' अशी पाटी लावायची आहे आणि आत दर्शनी भिंतीवर बंगल्याचा इतिहास मांडायचा आहे. तर माहिती कुठून काढायची?

पाटी रंगवायला टाकली असेल तर रंगाऱ्याला आधी फोन करा. त्या एका ओळीत दोन चुका आहेत. त्यातली एक तर नक्कीच आहे आणि दुसरी असण्याची शक्यता फार मोठी आहे.

नक्की असलेली चूक कौलाची. जुन्या बंगल्यांच्या दुरुस्तीत माझी तीसेक वर्षं गेली, आणि या 1865 ने फसलेले मालक मी डझनभर तरी पाहिलेत. हा आकडा घराचा नाही, कौलाच्या कारखान्याचा आहे. बासेल मिशन नावाच्या स्विस-जर्मन मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट हा त्यामागचा माणूस. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो ते तिथून देशभर गेलं. साच्यातच कारखान्याचं नाव आणि स्थापनेचं साल कोरलेलं असे, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं निघालेल्या प्रत्येक कौलावर तेच साल उमटत राहिलं. मिठाईवाल्याच्या खोक्यावर दुकानाचं स्थापनावर्ष असतं, म्हणून आतला पेढा काही त्या सालचा होत नाही.

सालापेक्षा नाव नीट वाचा. माळ्यावर बॅटरी घेऊन चढा आणि कौलाची आतली बाजू बघा. धूळ फुंकरीने जात नाही, ओलं फडकं फिरवा. 'बासेल मिशन' असेल तर कौल साधारण पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. युद्धात इंग्रज सरकारने हे कारखाने जर्मनांचे म्हणून काढून घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. 'कॉमनवेल्थ' वाचायला मिळालं तर ते कौल युद्धानंतरचं. एकाच छपरावर चार कारखान्यांची नावं सापडली तरी घाबरू नका, दर दहा-वीस वर्षांनी माकडं, वारा आणि केबलवाले मिळून कौलं फोडतात आणि मिळेल ते कौल चढतं. उतरवलेल्या घराची जुनी कौलंही विकत मिळतात, हे लक्षात असू द्या.

शिवाय छप्पर म्हणजे घर नव्हे. सोलापूरकडची जुनी घरं धाब्याची: लाकडी तुळया, वर फळ्या किंवा किलच, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. कितीतरी बंगल्यांच्या भिंती जुन्या आहेत आणि कौल नंतर चढलेलं आहे. भिंतीच्या डोक्यावर, वाशांच्या खाली, तुळयांची बुजवलेली भोकं दिसतात का पाहा. दिसली तर आधी सपाट छप्पर होतं.

आता दुसरी चूक, 'ब्रिटिशकालीन पाद्री'. काळ ब्रिटिशांचा होता हे खरं, पण पाद्री ब्रिटिश होता का? सोलापुरात मिशनचं काम उभं केलं ते मुख्यतः अमेरिकन लोकांनी. बॉस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला उतरले, तेव्हा कंपनी सरकारनेच त्यांना परत जायला सांगितलं होतं. मोठ्या खटपटीनंतर राहू दिलं. तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. 1831 मध्ये अहमदनगर आणि 1860 नंतरच्या दशकात सोलापूर असं ते पसरत आलं. सोलापूरची ती वेळ योगायोगाची नव्हती, कारण 1860 मध्ये आगगाडी इथे पोचली होती. चार्ल्स हार्डिंग, लोरिन गेट्स ही इथल्या अमेरिकन पाद्र्यांची नावं. मुलींची वोरोनोको शाळा आणि मेरी हार्डिंग यांच्या नावाची बालवाडी त्याच मिशनची. असल्या घराच्या खोलीला 'व्हिक्टोरिया स्वीट' नाव देऊन भिंतीवर राणीचा फोटो लावलेला मी पाहिलाय. ज्यांना कंपनी सरकार उतरू देत नव्हतं त्यांच्या घरात राणी!

पण तुमचा पाद्री अमेरिकनच होता असंही मी इथे बसून म्हणणार नाही. पाद्रीच्या घराचे आपल्याकडे तीन प्रकार पडतात आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळ्या कपाटात असतात. पहिला मिशनचा बंगला: मालकी परदेशी बोर्डाची किंवा त्याच्या विश्वस्तांची, राहणारा बायकामुलांसह संसार करणारा. दुसरा सरकारी चॅप्लेनचा: इंग्रज फौज आणि साहेबलोकांच्या चर्चचा पाद्री सरकारी पगारावर असे, म्हणून त्याच्या घराचा माग सरकारी दप्तरात लागतो. तिसरं कॅथलिक फादरांचं घर. फादर ब्रह्मचारी, तेव्हा घर बहुधा चर्चला लागून, एका ओळीत सारख्या मापाच्या खोल्या, एक सामायिक जेवणघर आणि पोरांच्या वावराची कुठलीच सोय नाही.

म्हणून कागदाआधी नकाशा काढा. चौकोनी रेघांच्या वहीत, मुलांच्या फूटपट्टीने काढला तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की चारही खोल्यांना स्वतंत्र बाथरूम 'पहिल्यापासूनच' आहे आणि प्रत्येक बाथरूमला बाहेर मागच्या अंगणात उघडणारं एक बुटकं दार आहे, जे तुम्ही विटा लावून बंद केलंय. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मला ही वाटली. तो मिशनऱ्यांचा किंवा साहेबाचा बंगला असल्याची ही जवळजवळ सहीच. तेव्हा संडास म्हणजे लाकडी पेटीत भांडं. ते उचलायला सफाईवाल्या जातीचा माणूस यायचा, आणि तो घरातून जाऊ नये म्हणून प्रत्येक मोरीला बाहेरून दार. देवापुढे सगळे सारखे असं रविवारी सांगणाऱ्या घरालाही हे दार होतं. इतिहास लिहायचा तर हे दारही लिहा, आणि जमलं तर एका दाराच्या विटा काढून ते तसंच दिसू द्या.

आणि गंमत पाहा, याच दारामुळे तुमच्या सासूबाईंना गेस्टहाऊस काढता आलं. वाड्याचं लॉज करताना मालक रडकुंडीला येतात ते यासाठीच: मधे चौक, सोप्यातून सोपा, एका खोलीतून दुसरीत जायचं आणि मोरी एकच. पाहुण्याला खोली द्यायची तर अख्खं घर फोडावं लागतं. पाद्रीच्या बंगल्यात प्रत्येक निजायची खोली व्हरांड्यात उघडते, मागे स्वतःची मोरी, आणि स्वयंपाकघर मूळ घरापासून दहा-पंधरा पावलं लांब, धूर आणि आगीच्या भीतीने वेगळं बांधलेलं. मिशनच्या काळातही ही घरं पाहुण्यांनी भरलेली असत. गावात साहेबाला उतरायला हॉटेल नव्हतं, म्हणून दौऱ्यावरचा दुसरा मिशनरी, शाळा तपासायला आलेली मॅडम, सगळे तिथेच. 'पाद्रीच्या घराचं गेस्टहाऊस केलं' असं तुम्ही लिहिलंय. ते तसं आधीपासून होतंच, फरक एवढाच की तुम्ही पावती फाडायला लागलात.

आणखी दोन-तीन खुणा. तीन नंबरच्या खोलीत छताच्या तुळईला लोखंडी कड्या आहेत म्हणता. त्या झोपाळ्याच्या असतील तर जाड आणि दोन-चारच असतील. बारीक आणि एका रांगेत असतील तर दोरीने ओढायच्या झुलत्या पंख्याच्या. त्याच रेषेत व्हरांड्याच्या भिंतीवर, डोक्याच्या वर, सुपारीएवढं भोक शोधा. एका बंगल्यात असं भोक मी तारेने कोरलं, तर आतून वर्तमानपत्राचा बोळा आणि मागे झिजलेली लाकडी कप्पी निघाली. दोरीने लाकडात पाडलेली खाच बोटाला लागत होती. एप्रिलमध्ये पारा 42-43 वर असताना बाहेर व्हरांड्यात बसून ती दोरी कुणीतरी दुपारभर ओढलेली आहे.

फरशी शहाबादी असणारच. ती रेल्वेने आली, कारण शहाबाद सोलापूरच्या पुढे त्याच मार्गावर, आणि मुंबई-मद्रास रूळ 1871 मध्ये जोडले गेले. दिवाणखान्यात नक्षीची रंगीत सिमेंट फरशी असेल तर ती बहुतेक 1920 नंतरची डागडुजी समजा. अशा फरश्या बनवणारी मुंबईची भारत टाइल्स कंपनी 1922 ची. लोखंडी तुळई असेल तर तिच्या अंगावर उठावाच्या अक्षरांत कारखान्याचं नाव असतं, रंग खरवडून वाचा. कंपाउंडात लांबलचक पत्र्याची किंवा कौलांची पडवी आहे आणि तिथे तुम्ही जेवणाची सोय केलीय. ती तबेला असेल, शाळा असेल किंवा मुलांचं वसतिगृह. 1876-78 आणि पुन्हा 1899-1900 च्या दुष्काळात आपल्या भागात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. दुसऱ्या वेळी अमेरिकन मराठी मिशनने अनाथ पोरं मोठ्या संख्येने सांभाळली, त्यांना सुतारकाम, विणकाम शिकवलं. तुमची पडवी त्यातली असेलच असं नाही. पण भिंतीत ओळीने एकाच उंचीवर खुंट्या असतील आणि त्या लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर असतील, तर मला फोटो पाठवा.

भिंतींबद्दल एक माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. नवीन होतो तेव्हा असाच एक दगडी बंगला हाती आला. खालच्या तीन फुटांत ओल, चुन्याचा गिलावा भुसभुशीत. मी तो खरवडून झकास सिमेंटचा गिलावा मारला. मालक खूश, मीही. दोन पावसाळे गेले आणि गिलावा ताटाएवढ्या पापुद्र्यांनी सुटला, आतला दगडी दर्जांमधला चुना पीठ झालेला. तेव्हा शहराच्या पूर्व भागातला एक म्हातारा गवंडी होता, तेलुगू घरातला. भिंतीला हात लावून म्हणाला, "भिंतीला बी घाम येतो की ओ साहेब. तुमी तिला रेनकोट घातला." त्यानेच मग चुना भिजवून, वाळू-सुरखी घालून, गुळाच्या आणि हिरड्याच्या पाण्यात मळून दिला. ती भिंत अजून कोरडी आहे. तुमच्या इतिहासाच्या भिंतीवर खिळे ठोकण्याआधी गिलाव्यात दाभण टोचून बघा. सहज गेला आणि पांढरी भुकटी आली तर चुना. तिथे प्लास्टिक रंग आणि सिमेंट पुट्टी लावू देऊ नका, रंगारी कितीही भरीस घालो. भेगा तिरक्या असतील आणि दर उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात मिटत असतील तर दोष काळ्या मातीचा. आधी छपराचं पाणी पायापासून लांब न्या, भेग बुजवायचं नंतर.

आता कागद. घरात सांगतात की 'साहेबाने जाताना आजोबांना बंगला दिला'. टेबल दिलं असेल, घड्याळ दिलं असेल, कुत्रा तर नक्की दिला असेल. बंगला देणं त्याच्या हातात नव्हतं, कारण बंगला त्याचा नव्हताच. मिशनचा पाद्री म्हणजे बदलीचा माणूस, मालकी बोर्डाची किंवा विश्वस्तांची. स्वातंत्र्यानंतर परदेशी मंडळी कमी होत गेली, मिळकती इथल्या चर्चच्या विश्वस्त संस्थांकडे आल्या. 1961 मध्ये तो अमेरिकन बोर्डच दुसऱ्या मंडळात विलीन झाला आणि 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. या उलथापालथीत मिळकती भाड्याने गेल्या, दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने गेल्या, काही विकल्या गेल्या. आजोबांचा व्यवहार यातला कोणता, हे गोष्टीवरून नाही, कागदावरूनच ठरेल.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, आणि तिच्यावर थांबू नका, मूळ चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. पहिल्या मोजणीच्या वेळी धारक म्हणून कुणाचं नाव लागलं ते तिथे असतं. दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक 2 चा, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांच्या यादीचा, शोध घ्या. खरेदी 1950 नंतर एखाद्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडून झाली असेल तर मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा असेल तरी लागते. तो आदेश घरच्या पेटीत आहे का पाहा. नसेल तर पाटीवर आणि जाहिरातीत 'मालकी' हा शब्द लिहिण्याआधी वकिलाकडे जा. एका कुटुंबाने हौसेने 'आमच्या पूर्वजांनी मिशनकडून मिळवलेला' असं छापलं आणि वर्षभरात तेच पत्रक समोरच्या पक्षाने कोर्टात दाखल केलं. तेव्हापासून मी इतिहासाचा मजकूरही आधी वकिलाला दाखवायला सांगतो.

बांधणीचं साल मात्र या कचेऱ्यांत क्वचितच मिळतं. त्यासाठी मिशनच्या तोंडूनच ऐका. ही माणसं बॉस्टनला एकेका रुपयाचा हिशेब कळवत: विहीर खणली, वाळवी लागली, छपराला पैसे पाठवा. त्यांचं 'मिशनरी हेरल्ड' हे मासिक आणि मराठी मिशनचे वार्षिक अहवाल इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मूळ पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. शोधताना सोलापूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग वापरा, एसनंतर एच घालून, 'शोलापूर' असं. नाहीतर काही सापडणार नाही आणि तुम्ही म्हणाल काका उगाच बोलले. मराठीत 1842 पासूनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक आहे, त्यात सोलापूरच्या मंडळीच्या बातम्या असत. 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याचा खंड 20, तेही चाळा. बंगल्याचा उल्लेख मिळेलच असं नाही, पण त्या वेळचं शहर कुठवर होतं ते कळेल.

आणि एक दंतकथा आधीच बाजूला काढून ठेवा. सोलापुरातल्या प्रत्येक जुन्या बंगल्याला मार्शल लॉ, म्हणजे 1930 मध्ये शहरात लागलेला लष्करी कायदा, चिकटतो. 'मे-जून 1930 मध्ये गोरे अधिकारी इथेच उतरले होते' हे मी इतक्या घरांत ऐकलंय की तेवढे अधिकारी आले असते तर त्यांना मैदानावर तंबू ठोकावे लागले असते. ज्या प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे 12 जानेवारी 1931 ला फासावर गेले, त्याचं नाव पाहुण्यांना रंजक वाटावं म्हणून वापरू नका. पुरावा मिळाला तर जरूर लिहा.

पाद्रीचं एवढं सांगितलं, पण मला खरी काळजी तुमच्या घरच्या काळाची आहे. पाद्रीचा कागद हार्वर्डमध्ये कपाटात नीट आहे. सासूबाईंचा कागद तुमच्या माळ्यावर उंदरांच्या शेजारी आहे. तुम्ही जाताजाता लिहिलंय की पाहुण्यांच्या जुन्या नोंदवह्या 'पोत्यात बांधून ठेवल्यात, रद्दीत टाकायच्या का?' मुळीच टाकू नका. नाव, गाव, आल्याचं कारण, आले कधी, गेले कधी, सही. लॉजच्या वहीसारखं प्रामाणिक दप्तर दुसरं नाही, कारण पोलीस येऊन पाहून जाईल या धाकाने लिहिलेलं असतं. सूत आणि चादरीचे व्यापारी कोणत्या वर्षी येत होते आणि केव्हापासून येईनासे झाले, गड्ड्याच्या जत्रेला संक्रांतीच्या दिवसांत खोल्या किती भरत, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर करणारं कुटुंब मुक्काम सोलापूरला ठेवून कसं फिरे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दर महिन्याच्या कोणत्या आठवड्यात येत, हे सगळं त्यात निघेल. वह्या उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर दोन दिवस पसरा, कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधा. पानांचे फोटो मोबाइलवर काढा. भिंतीवर लावताना पाहुण्यांची नावं आणि पत्ते झाका, ते त्यांचे आहेत.

सासूबाईंना बोलतं करा, आणि 'इतिहास सांगा' म्हणून नाही. पहिल्या पाहुण्याला जेवायला काय वाढलं ते विचारा. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असेल तर चटणी कुठे कुटत होता ते विचारा, म्हणजे जुनं स्वयंपाकघर नक्की कुठे होतं तेही कळेल. बाहेरच्या खोलीचं भाडं किती होतं, चादरी कोण धूत होतं, एकट्या बाईला खोली द्यायची की नाही यावर घरात काय वाद झाला, हेही विचारा.

'पाद्रीच्या घराला कोण विचारतं' असा तुमच्या यजमानांचा सूर दिसला. त्यांना एवढंच सांगा, इंग्लंडमध्ये आल्फ्रिस्टन नावाच्या गावात 14 व्या शतकातलं पाद्रीचं एक मोडकळीला आलेलं घर, जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 1896 मध्ये 10 पौंडांना घेतलं. त्या संस्थेने विकत घेतलेली ती पहिली इमारत.

रंगाऱ्याला सध्या 'पाद्रीसाहेबाचा बंगला' एवढंच लिहायला सांगा. रिक्षावाले तेच म्हणतात आणि ते खरं आहे. खाली वीतभर जागा कोरी ठेवा, साल सापडलं की तिथे लिहिता येईल. आणि तीन नंबरच्या खोलीतल्या कड्या मोजून कळवा.